मुक्कामी पाळक की रविवारचे पाळक?

चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, जागा रिकामी झाली की दोन-चार रविवारांतच मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या लोकांत, दोन मतं पडतात: पाळक गावातच मुक्कामी असावेत की शहरातून रविवारपुरते यावेत. आमच्याकडेही पडली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत घरं जेमतेम 34. गेल्या नऊ वर्षांत आम्ही दोन्ही तऱ्हा पाहिल्या. आधी शहरातून दर रविवारी येणारे पाळकसाहेब होते, आता मिशनच्या जुन्या घरात मुक्कामी राहणारे आहेत. दोन्ही वेळी मी मंडळीच्या पंचांत होतो, म्हणून पाळक शोधणाऱ्या मंडळ्यांसाठी लिहितो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांत नेमणूक बिशपसाहेबांकडून होते, पण तिथेही काय मागायचं हे ठरवताना यातलं काही कामी येईल.

संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, बाबतीत शहरातले पाळकसाहेब उजवे, हे आधीच मान्य करतो. बायबलमधला एक वचनभाग त्यांना तीन रविवार पुरायचा आणि घरी जातानाही लोक त्यावरच बोलायचे. असा शिकलेला माणूस मुक्कामी मिळणं आता अवघड झालं आहे. पाळकांना शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळलाच होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. आज पदवी घेतलेल्या तरुणाला मुलांची शाळा बघायची असते, पत्नीची नोकरी सांभाळायची असते. तो खेड्यात बिऱ्हाड करत नाही, यात त्याला दोष देता येत नाही.

पैशाचं गणित तुम्ही मांडलंच असेल. एवढंच सांगतो की मुक्कामी पाळकांचा पगार कापसावर चालतो. दिवाळीआधीचे दोन महिने दशमांश, म्हणजे लोक मंडळीला देतात तो उत्पन्नाचा दहावा भाग, आटतो. तेव्हा आमच्या बाया घरोघरी मूठ-मूठ काढून ठेवलेलं धान्य पाळकांच्या घरी पोचवतात. हे तुमच्याकडे होईल का, ते बायांनाच विचारा, पंचांना नको.

माझं मत मात्र पगाराने किंवा संदेशाने ठरलं नाही. ते प्रार्थनेच्या विनंत्यांनी ठरलं.

आमच्या उपासनेत संदेशाआधी विनंत्यांची वेळ असते. ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो. कुणाची सून दवाखान्यात असते, कुणाचं सोयाबीन पावसात भिजलेलं असतं, कुणाचा पोरगा दारूला लागलेला असतो. पाळक एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. याला कधी पाऊण तासही लागतो. पाळकसाहेबांना साडेबाराची एसटी गाठून दुसऱ्या गावची उपासना घ्यायची असे. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. दारातच विनंती लिहून द्यायची, मग सगळ्यांसाठी मिळून एक प्रार्थना.

एका रविवारी मागच्या बाकावरची एक आजी उठली. म्हणाली, "साहेब, मले लिवता येत नाही ना जी." पाळकसाहेब मायेनंच बोलले, "कुणाकडून तरी लिहून घ्या, आजी." ती खाली बसली. नंतर ती विनंतीला कधी उभी राहिली नाही, आणि तिच्या वयाच्या आणखी चार-पाच जणीही गप्प झाल्या. चिठ्ठ्या येत राहिल्या, पण शिकलेल्या घरांच्या. आजीचं दुखणं काय होतं, ते मला तिच्या मुलाकडून पोळ्याच्या सुमारास कळलं. तोवर तिने अंथरूण धरलं होतं. एकाच बाकांच्या रांगेत आम्ही दर रविवारी बसत होतो.

पाळकसाहेबांना मी बोल लावत नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं, तरी बस साडेबाराचीच होती.

आताचे पाळक दोन वर्षं बायबल स्कूल शिकलेले. संदेश भरकटतो, मोशेवरून कापसावर येतो आणि परत जायचा राहतो. तरुणांना गिटारवरची नवी गीतं हवी असतात, यांचा ओढा ना. वा. टिळकांच्या भजनांकडे आणि पेटीकडे. या तक्रारी खऱ्या आहेत. पण विनंत्या संपेपर्यंत ते जागचे हलत नाहीत, आणि सोमवारी संध्याकाळी त्यातल्या दोन-तीन घरी जाऊन बसतात. वेचणीच्या दिवसांत बाया उशिरा येतात, तर उपासनाही उशिरा सुरू होते.

मुक्कामी पाळकांचा एक धोका आहे, तो लपवत नाही. वर्षभरात ते गावातल्या कुणाच्या तरी बाजूचे ठरतात. म्हणून भावकीतला किंवा गावचा जावई असलेला माणूस शक्यतो बोलावू नका, आणि मुदत पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. आम्ही तीन वर्षांची घेतली.

पाळकांशिवाय वडीलजनांनीच, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनीच, उपासना चालवावी, असंही कुणी सुचवेल. चार-सहा महिने ते निभतं, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या, विधीसाठी दीक्षित पाळक लागतातच.

तुमच्या गावाला संध्याकाळी उशिराची बस असेल आणि येणाऱ्या पाळकांकडे दुसरी मंडळी नसेल, तर माझं म्हणणं कदाचित लागू होणार नाही. तसं नसेल, तर मी मुक्कामी माणसाकडे झुकेन. उमेदवाराला शनिवारीच बोलवा, रात्री एखाद्या आजाऱ्याच्या घरी घेऊन जा. रविवारी संदेश सगळेच ऐकतील. तुम्ही विनंत्यांच्या वेळी त्यांच्याकडे पाहा. आणि पाळकांच्या घराचं छप्पर मृगाआधी शाकारून ठेवा. आम्ही ते राहू दिलं, आणि पाळकीणबाईंचा पहिला पावसाळा घरभर भांडी मांडण्यात गेला.