नाईट ड्युटी सांभाळून वृद्धसेवेचा ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स: दोन वर्षांनंतर

मिरजेला नर्सिंग करून मी ऑस्ट्रेलियात आले, त्याला आता तेरा वर्षं होतील. त्यातली अकरा मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासी सेवाकेंद्रात, रजिस्टर्ड नर्स म्हणून गेली, बहुतेक नाईट ड्युटीवर. 2024 आणि 2025 ही दोन वर्षं ड्युटी करता करता मी वार्धक्य आणि वृद्धसेवा या विषयाचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट केलं, सगळं ऑनलाइन. पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत, म्हणून विद्यापीठाचं नाव देत नाही.

एकूण चार युनिट, म्हणजे चार विषय. मी एका सत्रात एकच घेतलं. आणखी चार केली की ग्रॅज्युएट डिप्लोमा, त्यापुढे मास्टर्स. मध्ये थांबलात तरी तोवरचं प्रमाणपत्र हातात पडतं. आठवड्याला दहा तास पुरतात असं सांगतात, मला चौदा लागायचे. त्यातले निम्मे इंग्रजी शोधनिबंध वाचण्यात आणि संदर्भ कसे द्यायचे हे शिकण्यात जायचे. वीस वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्यांनी पहिल्या सत्राला हलकं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) मागून घ्यावं.

दुसरं युनिट डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, होतं आणि माझ्यापुरते पैसे तिथेच वसूल झाले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी एक यादी केली आहे. चांगल्या मनाची माणसंसुद्धा डिमेन्शिया झालेल्या माणसाचं माणूसपण नकळत कसं कमी करतात, त्याचे प्रकार त्यात आहेत. त्यातला एक ‘आउटपेसिंग’, म्हणजे समोरच्याला झेपणार नाही अशा वेगाने त्याचं सगळं उरकणं. ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. सकाळची पाळी यायच्या आत चार जणांची अंघोळ-कपडे उरकायची आमची वर्षानुवर्षांची पद्धत, आणि तिचं नाव तिथे छापलेलं.

असाइनमेंट अशी होती की केअर होममध्ये राहणारा एक रेसिडेंट निवडायचा, ओळख लपवायची आणि त्रासाचं वागणं घडण्याआधी काय काय होतं ते दोन आठवडे टिपायचं. मी एक इटालियन आजी निवडली. साठ वर्षं या देशात काढून तिचं इंग्रजी पार गेलं होतं, उरली होती फक्त आईची भाषा. चार्टवर रोज एकच शेरा: अंगाला हात लावू देत नाही, मारते. टिपणं काढायला लागले तेव्हा दिसलं की दिवा लावणं आणि पांघरूण ओढणं एका दमात झालं की ती हात उगारते, आणि नेहमी डावाच. ज्यांना दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातच तयार झालेली अ‍ॅबी पेन स्केल आहे. आवाज, चेहरा, अंगाची हालचाल अशा सहा गोष्टी बघून गुण द्यायचे. हा तक्ता मी वर्षानुवर्षं भरत होते, पण नीट बघून भरला तो तेव्हा पहिल्यांदा. उजवा खांदा दुखत होता. डॉक्टरांनी अर्धा तास आधी पॅरासिटामॉल सुरू केलं. आम्ही आधी बाथरूमचा दिवा लावायला लागलो, गरम टॉवेल तिच्या हातात द्यायचा आणि मग थांबायचं. पुढच्या चौदा सकाळींत तिने दोनदाच हात उगारला.

तिसऱ्या युनिटमध्ये रुडास शिकवली. बहुभाषिक समाजासाठी सिडनीत तयार झालेली ही स्मृतीची चाचणी 30 गुणांची आहे. 22 किंवा कमी आले तर पुढे तपासायचं. तिच्यात बाजाराची यादी लक्षात ठेवायला सांगतात: चहा, तेल, अंडी, साबण. थोड्या वेळाने विचारायचं, प्रत्येक वस्तूला दोन गुण. मिरजेच्या माझ्या आईला मी व्हिडिओ कॉलवर हे सहज विचारलं. (घरच्यांवर चाचणी करू नका असं बजावलं होतं. बरोबरच आहे, तुम्हीही करू नका.) तिने चहा, तेल, साबण बरोबर सांगितलं. अंडी राहिली. आमच्या घरात अंडी कधी आलीच नाहीत, तिच्या कुठल्याच यादीत ती नसतात. मग ही विस्मृती धरायची की तिचं अख्खं आयुष्य? मी ट्यूटरला लिहिलं. एका ओळीत वाटेला लावता आलं असतं, पण त्यांनी पान भरून उत्तर दिलं. गुण बदलायचे नाहीत, शेरा मात्र लिहायचा, दुभाष्याशी आधी बोलायचं आणि एका चाचणीवर कधीच निदान करायचं नाही. पुढच्या बुधवारच्या वर्गात हाच प्रश्न चर्चेला घेतला. ऑनलाइन कोर्समध्ये माणूस भेटत नाही असं म्हणतात, मला ते पटत नाही.

आता तक्रारी. शेवटचं युनिट धोरणाचं, 2025 च्या दुसऱ्या सत्रात. 1 नोव्हेंबर 2025 ला इथे नवा एज्ड केअर कायदा लागू झाला, सेवेच्या दर्जाच्या आठ मानकांच्या जागी सात आली. आणि आमच्या व्हिडिओंमध्ये 1997 चाच कायदा आणि जुनी आठ मानकं! केअर मिनिट्स, म्हणजे प्रत्येकाला रोज किती मिनिटं सेवा मिळायला हवी तो आकडा, तोही जुनाच. ऑक्टोबर 2024 पासून दर रेसिडेंटमागे दिवसाला सरासरी 215 मिनिटं, त्यातली 44 रजिस्टर्ड नर्सची, हा नियम आम्ही रोज जगतोय आणि व्हिडिओत 200 आणि 40. मी सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात कळवलं, शेवटपर्यंत काही हललं नाही. हजारो डॉलर घेऊन असं शिकवणं मला माफ करता येत नाही. वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या सरकारी रॉयल कमिशनवरचे दोन आठवडे मात्र उत्तम होते. 2019 च्या अंतरिम अहवालाचं नावच ‘हेळसांड’ अशा अर्थाच्या एका शब्दाचं. त्यातल्या साक्षी वाचताना दोनदा उठून बाहेर जावं लागलं.

दुसरी तक्रार मोठी आहे. सगळी संस्कृती एका आठवड्यात कोंबली आहे. सांभाळ करणारी व्यक्ती एकच, बहुतेक नवरा किंवा बायको, असं धरून सगळे तक्ते बनवलेत. माझी आई सहा महिने दादाकडे आणि सहा महिने ताईकडे असते, तिचं पथ्य वहिनी बघते, औषधं पुतण्या आणतो आणि निर्णय फोनवर सगळे मिळून घेतात. या घराला त्या तक्त्यात चौकटच नाही. इथल्या मराठी घरांतही आता आईवडील सत्तरी-ऐंशीला आलेत, त्यांच्या केस मॅनेजरला हे कोण शिकवणार? शिवाय प्रत्यक्ष काम कुठेच नाही. मी रोज वॉर्डात होते म्हणून निभावलं. ज्याने एकाही म्हाताऱ्या माणसाला कधी उठवून बसवलं नाही, त्याने हा कोर्स आधी करू नये.

फी दर युनिटला साधारण साडेतीन हजार डॉलर पडली. नागरिकांना फी-हेल्प हे सरकारी शिक्षणकर्ज मिळतं, नुसता पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल तर बहुधा मिळत नाही, हे आधी नक्की करा. पगारात वाढ होईल का, ते आपल्या एंटरप्राइज अ‍ॅग्रीमेंटमध्ये (कामाच्या ठिकाणच्या पगार-करारात) बघा. विषय झेपतो का हे चाचपायचं असेल तर टास्मानिया विद्यापीठाच्या विकिंग सेंटरचा डिमेन्शियावरचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. मी तो आधी केला होता, फार उपयोग झाला.

डिप्लोमाला मी नाव घातलंय. जुलैत पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, युनिट सुरू होतंय. घेण्याआधी व्हिडिओ कुठल्या वर्षाचे आहेत ते ईमेलने विचारलं. उत्तर आलं, 2026 चे.