मार्केटमधला चायनीज काउंटर की एसी हॉटेल? पदार्थ बघून ठरवा

मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत होणारा पदार्थ खायचा असेल तर मार्केटमधला काउंटर गाठा. वाफवायचा, सावकाश शिजवायचा किंवा मुळात चांगल्या मासळीच्या जिवावर उभा राहणारा पदार्थ असेल तर हॉटेलात जाऊन बसा. बाकी सगळा तपशील या दोन वाक्यांच्या पोटात आहे. पण तो माहीत नसला की माणूस काउंटरवर कोळंबी मागवतो, हॉटेलात ट्रिपल शेजवान मागवतो आणि दोन्हीकडे नाराज होतो.

काउंटर म्हणजे भाजी मार्केटच्या तोंडाशी किंवा स्टेशनबाहेर संध्याकाळी सहाच्या सुमारास उघडणारा गाळा किंवा गाडी. एक-दोन भट्ट्या, सॉसच्या बाटल्या, चिरलेल्या कोबीचं घमेलं आणि हाफ-फुलचे भाव लिहिलेला बोर्ड. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही थोड्याफार फरकाने हेच चित्र. हॉटेल म्हणजे लांबलचक मेन्यूकार्डवालं एसी रेस्टॉरंट. त्यात कुलाब्याच्या लिंग्ज पॅव्हिलियनसारखी चिनी कुटुंबाने चालवलेली जुनी जागाही आली आणि कोपऱ्यावरचं ‘पंजाबी-चायनीज’ही आलं. या दुसऱ्या प्रकारात बहुतेक काउंटरचेच पदार्थ जास्त पैशांत मिळतात, त्यामुळे पुढे ‘हॉटेल’ म्हटलं की पहिला प्रकार समजावा.

‘अस्सल’ हा शब्द निवडीतून काढून टाकलेला बरा. चिकन मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं. त्यांनी ते १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपलाच मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. हा पदार्थ मुंबईचाच आहे, त्यामुळे तो हॉटेलात जास्त खरा आणि गाडीवर कमी खरा असं काही नसतं.

आच

काउंटरचा हुकमी एक्का म्हणजे भट्टी. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर चालणारा हाय-प्रेशर बर्नर, वर पातळ लोखंडी कढई, आणि ज्वाळा कढईच्या काठापर्यंत चढलेली. एका प्लेट हक्का नूडल्सचा हिशोब साधारण असा: उकडलेल्या नूडल्स पावशेराच्या आतबाहेर, कोबी-गाजर-ढोबळी मिरची मिळून दीड मूठ, दोन मोठे चमचे तेल. तेलातून धूर आला की लसूण पडतो, पाठोपाठ भाज्या. त्या अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवत नाहीत. मग नूडल्स, मीठ, पांढरी मिरी आणि कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडलेला सोया सॉस आणि व्हिनेगर. सॉस नूडल्सवर न ओतता कडेवर टाकायचा, कारण तिथे तो क्षणभर करपतो आणि तोच धुरकट वास आपण काउंटरची चव म्हणून ओळखतो. शेवटी पातीचा कांदा.

हे बिघडतं ते गर्दीमुळे. शनिवारी-रविवारी रात्री नऊला चार-पाच प्लेटांची ऑर्डर एकाच कढईत पडते. एवढा माल पडल्यावर कढई निवते, कोबी पाणी सोडतो आणि नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफेवर शिजून एकमेकींना चिकटतात. कान दिले तरी कळतं: चर्रचर्र आवाज थांबून खदखद सुरू झाली की प्लेट ओली येणार. निळसर धूर हवा, पांढरी वाफ नको. म्हणून साडेसात-आठच्या आत जा, किंवा आठवड्याच्या मधल्या वारी. कारागीर एका वेळी दोनपेक्षा जास्त प्लेटा टाकत नसेल तर त्या काउंटरवर गर्दीतही उभं राहायला हरकत नाही.

मोठ्या हॉटेलातली भट्टी काउंटरला हार जाणारी नसते, कित्येकदा जास्तच दणकट असते. नुकसान होतं ते नंतर. प्लेट वेटरची वाट बघते, झाकण पडतं, टेबलापर्यंत येताना नूडल्स स्वतःच्याच वाफेत मऊ होतात. काउंटरवर कढई ते तोंड हे अंतर हातभर असतं. नूडल्स, फ्राइड राइस आणि चिली चिकन ड्राय या तिघांसाठी काउंटर उजवा, त्यात फार वाद नाही.

भाताची वेळ

फ्राइड राइसला भात गार लागतो, गरम भात कढईत लगदा होतो. काउंटरवाले दुपारी भात उकडून पसरून ठेवतात. इथवर सगळं बरोबर. पण तो भात उघड्यावर रात्रीपर्यंत राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं उलट्या करवणारं विष परतण्याच्या आचेनेही मरत नाही. ‘कढईत एवढं तापलं, आता काय होणार’ हा समज इथेच फसतो. खप मोठा असेल तर भात संपतो, नवा लागतो, धोका कमी. म्हणून रात्री साडेदहानंतर पातेल्याच्या तळाशी उरलेला भात दिसला तर नूडल्सवर भागवा. नीट चालवलेल्या हॉटेलात भात फ्रीजमध्ये असतो, उशिरा जेवणाऱ्यांनी भातासाठी तिकडे जावं.

तळण आणि रंग

लॉलीपॉप संध्याकाळी अर्धवट तळून रचून ठेवतात आणि ऑर्डर आली की दुसऱ्यांदा तळतात. पद्धत चुकीची नाही, दुसऱ्या तळणीने कुरकुरीतपणा येतो. घोळ होतो तो घाईत: बाहेरून लाल आणि हाडाजवळ गुलाबी, कोमट. पहिला लॉलीपॉप चावण्याआधी हाडापाशी उघडून बघा. कच्चा असेल तर परत द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही. आषाढातल्या गटारीला हा घोळ हमखास होतो. श्रावणात उलटं: ज्या वस्तीत श्रावण पाळतात तिथे चिकनचा खप पडतो आणि अर्धतळलेला माल जास्त वेळ पडून राहतो. त्या महिन्यात अशा काउंटरवर व्हेजच घ्या.

रंगाचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यावर काय करायचं हे कमी जणांना. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या स्टॉलांवर बंदी घातली, तक्रार कृत्रिम रंगाची आणि अस्वच्छतेची होती. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. आपल्याकडे लोक काउंटरवर सांगतात, ‘रंग टाकू नका’. लॉलीपॉप आणि मंचुरियनच्या बाबतीत या सांगण्याला अर्थ नाही, कारण रंग आधीच कोटिंगमध्ये किंवा पिठात कालवलेला असतो. चिली चिकनची ग्रेव्ही मात्र तुमच्यासमोर होते, तिथे सांगितलेलं चालतं. बोटं धुतल्यावरही केशरी राहत असतील तर पुढच्या वेळी काउंटर बदला.

अजिनोमोटोचंही तसंच. नूडल्स-राइसमध्ये ते शेवटी चिमटीने पडतं, ‘नको’ म्हटलं की पडत नाही. पण शेजवान चटणी आणि सूपचं पाणी आधीच तयार असतं, त्यात काय गेलं ते गेलं. खरं तर रक्तदाबवाल्यांनी भीती धरायची तर मिठाची आणि सोया सॉसची धरावी: अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, साध्या मिठात ३९. ‘मीठ टाकू नका, सोया सॉस पुरे’ ही सूचना जास्त उपयोगाची. हॉटेलात ती पाळली जायची शक्यता जास्त, कारण ऑर्डर कागदावर लिहून आत जाते.

तेलाकडे एकदा नजर टाका. कॉफीसारखं काळं आणि वर बारीक फेस धरणारं तेल दिसलं तर तळलेलं सोडा, परतलेलं घ्या.

शाकाहारी असाल तर

काउंटरवर बहुधा एकच कढई असते. चिकननंतर तिच्यात मगभर पाणी फिरवून ते फेकतात आणि पुढची ऑर्डर टाकतात. ज्याला हे चालत नाही त्याने ‘प्युअर व्हेज’ काउंटरच शोधावा, वेगळी कढई मागून ती मिळेलच याची खात्री नाही. सूपबद्दल विचारा: पाणी साधं की चिकनचं? मोठं पातेलं एकच दिसलं तर उत्तर जवळजवळ मिळालंच.

हॉटेल आपोआप सुरक्षित असं मात्र नाही. उलट तिथे लपलेल्या गोष्टी जास्त. काउंटरच्या नूडल्स बहुधा बिनअंड्याच्या, मैद्याच्या पाकिटातल्या असतात, चांगल्या हॉटेलात अंड्याच्या नूडल्स असू शकतात. भाज्यांच्या ग्रेव्हीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, जाऊ शकतो. वेटरला ‘व्हेज आहे ना’ एवढंच विचारून थांबू नका, ‘अंडं आणि ऑयस्टर सॉस नाही ना’ असं नावानिशी विचारा.

हॉटेल जिथे जिंकतं

वाफवलेला अख्खा मासा, खेकडा, डिमसम, पोर्कचे पदार्थ, निवळ सूप. काउंटरवर वाफवायची सोयच नसते आणि मासळी ठेवायला बर्फाची पेटी हीच काय ती व्यवस्था. कोळंबीचा काउंटरवर खप कमी, त्यामुळे ती वितळून पुन्हा गोठलेली असू शकते. तिच्या वाटेला जाऊ नका. आलं, पातीचा कांदा आणि हलका सोया सॉस घालून वाफवलेल्या माशात लपवायला काहीच नसतं, मासा शिळा असेल तर पहिल्या घासाला कळतं. असा पदार्थ जो स्वयंपाकी रोज बिनधास्त पाठवतो, त्याच्याकडे पैसे मोजायला हरकत नाही.

सूपमध्ये मंचाव काउंटरवर घ्या, बाकी सगळी हॉटेलात. मंचाव मुळातच लसूण, मिरची आणि कॉर्नफ्लोअरच्या जोरावर असतं. निवळ सूपला हाडांचा नीट काढलेला रस लागतो, तो गाडीवर सापडणं कठीण.

बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर चर्चाच नको, हॉटेल. पाठ टेकायला खुर्ची आणि हात धुवायला बेसिन यांची किंमत आहे. चार-पाच जण असाल तर हॉटेलचा भावही वाटतो तेवढा अंगावर येत नाही, कारण तिथली एक प्लेट दोघा-तिघांत पुरते आणि काउंटरची फुल प्लेट एका भुकेल्या माणसाची असते. साध्या हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो.

ट्रिपल शेजवान मात्र हॉटेलात मागवू नये. भात, नूडल्स, वर ग्रेव्ही आणि त्यावर तळलेल्या नूडल्सचा ढीग हा पोटभरीचा गाडीछाप पदार्थ आहे. हॉटेलवाले तो सभ्य करायला जातात आणि बेचव करतात.

चायनीज भेळ काउंटरवर पावसाळ्यात टाळा. तिच्यातला कोबी कच्चा, दुपारीच चिरलेला, आणि आच त्याला लागतच नाही. बाकीचे आठ महिने ती तिथल्यासारखी कुठेच मिळत नाही.

पार्सल न्यायचं असेल तर

घर अर्ध्या तासावर असेल तर फ्राइड राइस न्या, तो सगळ्यात कमी बिघडतो. नूडल्स गोळा होतात, घरी तव्यावर थोडं पाणी शिंपडून सुट्या कराव्या लागतात. ट्रिपलची ग्रेव्ही आणि तळलेल्या नूडल्स वेगळ्या बांधायला सांगा, नाहीतर घरी लापशी पोचते. मंचाववरच्या नूडल्सचंही तेच. ड्राय मंचुरियनच्या डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवा, कोंडलेल्या वाफेने कोटिंग दहा मिनिटांत मऊ पडतं. उकळती ग्रेव्ही पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका. घरून स्टीलचा डबा न्या, काउंटरवाला त्यात आनंदाने भरून देतो, आणि बऱ्याचदा चमचाभर जास्तच.