बँडकडूनच अनामत मागणारे ‘आयोजक’

आमचा प्रायोगिक रॉक बँड पुण्यात फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतील बरेचजण कार्यक्रम अर्ध्यावर सोडून गेलेले आहेत. गिटारच्या जोडीला आम्ही तांबट आळीतून आणलेली घंगाळे वाजवतो. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली स्थापन झालेल्या ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या बँडने भंगारातले पत्रे आणि ड्रिल मशीन वाजवून जगभर नाव मिळवले. आम्हाला अद्याप सोसायटीच्या नोटिसाच मिळतात. अशा बँडला आपणहून बोलावणारा माणूस देवासारखा वाटतो, हे त्या ‘आयोजका’ला पक्के ठाऊक होते.

मुंढव्यातील एका लॉन्सवर प्रायोगिक संगीताचा महोत्सव असल्याचे सांगून त्याने भरघोस मानधनाचे करारपत्र पाठवले. मग ध्वनिव्यवस्थेची अनामत, पोलीस परवानगीचे शुल्क आणि शेवटी मानधनावरचा जीएसटी, असे करत त्याने आमच्याकडूनच पैसे काढले. प्रत्येक रक्कम भांडण्याइतकी मोठी नव्हती आणि सगळ्या एका खासगी व्यक्तीच्या खात्यात गेल्या.

ठरल्या दिवशी आम्ही टेम्पो घेऊन पोहोचलो तेव्हा तेथे कोणाचा तरी साखरपुडा सुरू होता. आमचा ड्रमर आयोजकाचा बंद फोन लावत उभा असताना केटररच्या माणसांनी आमची घंगाळे आपलीच समजून उतरवून घेतली आणि सर्वांत मोठ्या घंगाळात कोथिंबिरीसकट मठ्ठा ओतला. आत कल्हई नसल्यामुळे तो सगळा फेकून द्यावा लागला, आणि त्याचे पैसे मुलीच्या मामांनी आमच्याकडून रोख वसूल केले. (त्या दिवसातला प्रामाणिक व्यवहार काय तो हाच.) लॉन्सच्या कार्यालयातील वहीत महोत्सवाची नोंदच नव्हती, आणि ही गोष्ट तेथे फोन करणाऱ्या कोणालाही मिनिटभरात कळली असती.

करारपत्रावरचा जीएसटी क्रमांकही बोलका होता. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, तर याचे २९, म्हणजे कर्नाटकचे होते. पुढील दहा अक्षरे पॅनची असल्यामुळे संपूर्ण क्रमांकातील सहावे अक्षर कंपनीसाठी ‘सी’ आणि व्यक्तीसाठी ‘पी’ असते. या ‘प्रायव्हेट लिमिटेड’चे अक्षर ‘पी’ होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक विनामूल्य तपासता येतो. शिवाय मानधनावरचा जीएसटी कलावंताने आयोजकाकडे आगाऊ भरावा, असा कोणताही नियम नाही.

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी, कारण रक्कम काढून घेतली जाण्याआधी ती गोठवता येते. आमची शेवटची रक्कम अशी अडवली गेली, आधीच्या गेल्या. सध्या तोच माणूस दुसऱ्या नावाने बँडकडून अनामत गोळा करत असून त्याच्या जाहिरातीत आमचा घंगाळांसह काढलेला फोटो झळकतो आहे. त्या कार्यक्रमाशी आमचा काहीही संबंध नाही.