सेन्सर बदलला म्हणे!

गॅरेजमध्ये दिली तेव्हा गाडी ठणठणीत होती. कामं दोनच: स्पार्क प्लग बदलायचे आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ करायची. दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलो तर इंजिन आचके द्यायला लागलं. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ७०० वरून १२०० वर, पुन्हा खाली. संध्याकाळपर्यंत चेक इंजिनचा दिवाही लागला.

परत गेलो. मेकॅनिकने स्कॅनर लावला, 'पी ०१७१' हा कोड दाखवला. म्हणाला, "साहेब, आमच्या कामाशी याचा संबंध नाही. आत जाणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर गेलाय, योगायोग." स्कॅनरवरच दिसतंय म्हटल्यावर आपण काय बोलणार? तासाभरात दिवा विझला, बिल हातात पडलं. जुना सेन्सर मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला.

तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. आता म्हणे फ्युएल पंप!

तिथून गाडी काढली आणि दुसऱ्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "शेवटचं काम काय झालं? कशाकशाला हात लागलाय?" मग समजावलं, की पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, एवढंच. कुठला पार्ट गेला ते कोड सांगत नाही. आणि दिवा काय, नुसता कोड पुसला तरी विझतो.

स्कॅनरवर त्याने फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त इंधन सोडावं लागतंय तो आकडा. गाडी नुसती चालू असताना अधिक २२ टक्के, रेस करून २५०० आरपीएमवर नेली तर अधिक ४. "पंप कमी पडत असता तर रेस केल्यावर आकडा चढला असता. हा उतरतोय. म्हणजे हवा कुठूनतरी आत ओढली जातेय." कान लावला तर बारीक सूंऽऽ आवाज. मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या पाइपांची) बोटाएवढी व्हॅक्यूम नळी निसटून लोंबत होती. थ्रॉटल बॉडी साफ करताना काढली, परत बसवलीच नव्हती. त्याने ती दाबून बसवली आणि काटा जागेवर आला.

मग मी 'नवा' सेन्सर बघायला मागितला. मागे एअर फिल्टर बदलताना माझ्याच हातून सेन्सरच्या प्लॅस्टिकचा एक कोपरा उडाला होता. तो कोपरा अजूनही उडालेलाच! माझाच सेन्सर पुसून मला विकला होता.

खरं तर थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर थोडा वेळ आयडलिंग खालीवर होऊ शकतं, आणि कधी खरंच योगायोगाने दुसरा पार्ट जातो. त्यामुळे लगेच भांडायला जाऊ नका. पण गाडी देण्याआधी इंजिनचे फोटो काढा, महाग पार्टवर बारीकशी खूण करा, आणि जुना पार्ट परत हवाय हे काम सुरू व्हायच्या आत सांगा. नंतर मागितलात तर तो कचऱ्यातच गेलेला असतो.

मी सेन्सरच्या उडालेल्या कोपऱ्याचा फोटो घेऊन पहिल्याकडे गेलो. "पोराकडून चुकून झालं," म्हणत त्याने सेन्सरचे पैसे परत केले. बसवण्याची मजुरी मात्र दिली नाही. काम तर केलं ना, म्हणाला.