बारा हजारांचं स्टिकर, पंचेचाळीसशेची विंच

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. गाड्यांमधलं थोडंफार कळतं म्हणून मित्र मला विचारून टायर घेतात, आणि मलाच एका स्टिकरने गंडवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण परवा एकाने मला गंडवणाऱ्या त्याच विक्रेत्याचा फोटो मला पाठवला, "बघ, स्वस्तात देतोय". तेव्हा म्हटलं, पुरे झाली लाज.

विंच म्हणजे बंपरवर बसवायचं मोटरचं यंत्र, ड्रमवर तार गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं. ती मी मिरवायला घेतली नव्हती. मंडणगडकडे आमची काजूची बाग आहे. शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे तांबडी माती आणि उतार. जुलैत फोर बाय फोर टाकूनही, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊनही, आमची व्ही-क्रॉस पिकअप तिथे पोटावर बसते. मग जेसीबीवाल्याला फोन करायचा आणि दर वेळी 4,000 मोजायचे. हिशेब मी नीट केला होता. माणसं-सामान धरून गाडी अडीच टनांच्या आसपास, विंचची ओढ त्याच्या दीडपट हवी, म्हणजे पावणेचार टन. साडेनऊ हजार पौंड वजन ओढणारी विंच पुरली असती. पण कंपनी जो आकडा छापते, तो ड्रमवर तारेचा शेवटचा थर उरलेला असतानाचा. वर थर असले की ओढ घटते, आणि वर चिखल चाक धरून ठेवतो तो वेगळाच. म्हणून बारा हजार पौंडांची, म्हणजे 5,443 किलोंची घ्यायची ठरवली. इथवर माझं काही चुकलं नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन.

दुकानातला भाव ऐकून मात्र पाय मागे आले आणि मोबाइलवर हा विकणारा भेटला. इंपोर्टचा लॉट, कस्टममधून सुटलेला माल, तीनच पीस शिल्लक वगैरे. पुढची टेप तुम्हाला पाठ असेल. मलाही होती. पण हा अस्सल आपल्याकडचं मराठी बोलत होता, "दादा, तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला काय फसवायचं" म्हणत होता. व्हिडिओत त्याने त्या विंचने बोलेरो ओढून दाखवली. सपाट डांबरी रस्त्यावर, न्यूट्रलमध्ये! अशी गाडी दोन पोरं ढकलत नेतात. हे मला व्हिडिओ बघताना सुचलं नाही, नंतर रात्री दोन वाजता सुचलं.

किंमत 42,000. टोकन 5,000, मग 20,000, माल निघाल्यावर 17,000. सगळं यूपीआयने, एका बाईच्या नावाच्या खात्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, 18 टक्के वरून." म्हणजे 7,560 रुपये. ते मी वाचवले. हसा.

आता तो क्षण. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी 1,850 रुपये भाडं भरलं आणि आतून पोरगा खोका घेऊन आला. एकटा, खांद्यावर टाकून, दुसऱ्या हातात मोबाइल. "काका, गाडी कुठंय?" स्टीलच्या तारेसकट बारा हजारी विंच चाळीस किलोंच्या आसपास भरते. ती असं कोणी खांद्यावर टाकून आणत नाही, दोघं लागतात. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, निळ्या पेनाने स्वच्छ लिहिलं होतं: 19 किलो. मी ते वाचलं आणि त्याच्या शेजारी सहीसुद्धा केली. मनात काय आलं सांगू? "पोरगं दणकट आहे."

दुसरी खूण मिस्त्रीने दाखवली. ट्रकच्या विंचची भोकं ठरलेल्या मापाची असतात, दहा इंच बाय साडेचार. बंपरमधली प्लेट त्याच मापाची होती, विंच बसेना. मिस्त्री म्हणाला, "ही लहान वाटते हो." मी म्हटलं, चायनाचं माप वेगळं असेल, नवीन भोकं पाड. त्याचे 6,500 झाले. तार पेन्सिलीपेक्षा बारीक होती, तेही दिसत होतं. बारा हजारीची तार नऊ मिलिमीटरच्या पुढे असते. पण एवढे पैसे गेल्यावर डोळे आपल्याला हवं तेच बघतात.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी गाडी बसली. फणसाच्या बुंध्याला पट्टा बांधला, तार ताणली, बटण दाबलं. विंच कण्हली, गाडी वीतभर हलली आणि थांबली. मग जळका वास. बॅटरीच्या वायरींवरचं प्लास्टिक मऊ होऊन खाली लोंबलं. एवढ्या ताकदीची खरी विंच पूर्ण ओढीला चारशे अँपिअरच्या घरात करंट खाते, आणि या वायरी जेमतेम पेन्सिलीएवढ्या! पुतण्या तारेपासून चार हातांवर उभा होता. तार तुटली असती तर काय झालं असतं, ते इथे लिहवत नाही. तारेवर ओलं गोणपाट टाका आणि माणसं लांब उभी करा, विंच कितीही भारी असो.

जेसीबी आला, 4,000 गेले. घरी येऊन स्टिकर नखाने खरवडलं. खाली धातूवर ठोकलेलं होतं: 4500. पौंड. म्हणजे 2,041 किलो. चार चाकी एटीव्हीला, म्हणजे रानात फिरवायच्या मोटरसायकलसारख्या उघड्या गाडीला, लावतात ती. माझे एकूण 54,350 रुपये गेले. त्याने नंबर बंद केला.

मग पोलीस ठाणं. ठाणे अंमलदारांनी विचारलं, विंच म्हणजे काय? मी समजावलं. "म्हणजे रहाट." बरं, रहाट. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला." दुसऱ्या खेपेला म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल हातात आलाय, हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यात पुन्हा: गाडी कुठे अडकली? मंडणगडकडे? मग तिकडे जा. अहो, गाडी अडकणं हा गुन्हा नाही, मला खोटा माल विकला तो गुन्हा आहे! चारशे वीस जाऊन भारतीय न्याय संहितेचं 318 आलं, एवढाच काय तो फरक. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. आणि चौथ्या खेपेला एक हवालदार गाडीभोवती फिरून म्हणाले, "हा बंपर लावलाय तोच बेकायदा. आधी याचं चलन फाडू का?" ते खरं आहे, बुल बारविरुद्ध, म्हणजे गाडीपुढे लावलेल्या अशा लोखंडी बंपरविरुद्ध, केंद्राचं पत्र 2017 पासून आहे. म्हणजे अर्ज घ्यायला कायदा सापडत नाही, माझ्यासाठी मात्र लगेच सापडतो. माझा अर्ज त्या टेबलावर चहाच्या कपाखाली मी स्वतः बघितला.

पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. माझे शेवटचे पैसे जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते. पक्कं बिल घ्या, माझ्यासारखे 7,560 वाचवू नका. खोका फोडण्याआधी काट्यावर ठेवा. व्हिडिओ मागायचाच तर चढावर, ब्रेक दाबलेल्या गाडीचा मागा.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आपण राहतो तिथेच दाखल करता येते. नोटीस "या पत्त्यावर कोणी नाही" असा शेरा घेऊन परत आली. विंच पुरावा म्हणून गॅलरीत ठेवली आहे, ती भंगारातही देता येत नाही. याच माणसाकडून अजून कोणी घेतली असेल तर बिल्टी जपून ठेवा आणि तिच्यावरचं वजन बघा.