फायफॉक्स : वसईतील एका ख्रिस्ती शाळेच्या भौतिकशास्त्राच्या तासाला

वसई परिसरातील एका कॅथलिक संस्थेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी आणि दहावीला विज्ञान शिकवतो. गेली तीन वर्षे भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी मी ‘फायफॉक्स’ हे मोबाइलवरचे ॲप वापरत आलो आहे. जर्मनीतील आखेन शहराच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेले हे ॲप २०१६ पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे. ते पूर्णपणे विनामूल्य असून त्यात जाहिराती नाहीत. मोबाइलमध्ये आधीच बसवलेले संवेदक, म्हणजे मायक्रोफोन, त्वरणमापक, चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक वगैरे, हे ॲप मोजमापाच्या कामाला लावते. शाळेकडे नवी उपकरणे घेण्यास पैसा नसेल, तर एवढे एकच कारण ते वापरून पाहण्यास पुरेसे आहे.

माझ्या दृष्टीने मात्र त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे. आमची शाळा रोज सकाळी प्रार्थनेने सुरू होते, खरे बोलावे हे मुलांना तिथे रोज सांगितले जाते, आणि त्याच मुलांच्या प्रयोगवहीत गुरुत्व त्वरणाचे उत्तर दरवर्षी न चुकता ९.८ येत असे. लंबकाचा दोरा कुणी नीट मोजलेला नसे, दोलने मोजताना निम्मा गट खिडकीबाहेर पाहत असे, तरीही उत्तर ९.८. मुले आधी उत्तर लिहून मग त्याला जुळतील अशा नोंदी मागून भरत होती, आणि आम्ही शिक्षक त्यावर बरोबरची खूण करत होतो. याची बोचणी मला बरीच वर्षे होती.

फायफॉक्समधले ध्वनीवर चालणारे स्टॉपवॉच वापरून हवेतील ध्वनीचा वेग काढण्याचा प्रयोग आम्ही पहिल्यांदा केला, तेव्हा ही सवय एका तासात उघडी पडली. व्हरांड्यात २० मीटर अंतरावर दोन मोबाइल ठेवायचे. पहिल्या मोबाइलजवळ टाळी वाजली की तो लगेच सुरू होतो आणि आवाज पोहोचल्यावर दुसरा सुरू होतो. मग दुसऱ्याजवळ टाळी वाजवली की तो आधी थांबतो आणि पहिला नंतर. दोन्ही घड्याळांतील फरक म्हणजे ध्वनीला ४० मीटर जाण्यास लागलेला वेळ. तीन गटांना ०.११३, ०.११७ आणि ०.१२१ सेकंद असे फरक मिळाले, म्हणजे वेग अनुक्रमे ३५४, ३४२ आणि ३३१ मीटर प्रतिसेकंद. हवा साधारण ३० अंश सेल्सिअस असताना तो ३४९ च्या जवळ यायला हवा. मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा सगळ्या गटाने पाहिलेला असल्यामुळे तो बदलून लिहिणे कुणालाच शक्य नव्हते, आणि त्यामुळे पहिल्यांदाच वर्गात ‘आपले उत्तर असे का आले’ यावर चर्चा झाली. टाळी वाजवणारा मुलगा मोबाइलच्या शेजारी उभा न राहता दोन मोबाइलांच्या मधल्या बाजूला सरकला, तर वेळ कमी भरते आणि वेग जास्त येतो, हे एका मुलीने फळ्यावर आकृती काढून दाखवले. वेळ जास्त आलेल्या गटाचा दोष वेगळा होता: दूरची टाळी क्षीण पोहोचत असल्याने त्यांचा मोबाइल उशिरा जागा होत होता, आणि आवाजाची मर्यादा थोडी खाली आणल्यावर आकडा सुधारला. मर्यादा फारच खाली आणली, तर शेजारच्या वर्गातल्या गोंगाटानेही घड्याळ सुरू होते. म्हणून हा प्रयोग मधली सुट्टी संपल्यावर, व्हरांडा शांत असताना करावा.

चेंडूच्या उड्यांचा प्रयोगही असाच सरस आहे. चेंडू फरशीवर आपटल्याच्या आवाजांमधील वेळ ॲप नोंदवते आणि त्यावरून प्रत्येक उडीची उंची काढते. दोन आपटण्यांमध्ये ०.८ सेकंद गेले, तर चेंडू सुमारे ७८ सेंटिमीटर उडाला. पुढच्या उडीला ०.७ सेकंद लागले, तर ६० सेंटिमीटर. म्हणजे एका आपटण्यात जवळजवळ चौथा हिस्सा ऊर्जा गेली. ऊर्जेचे रूपांतर शब्दांत शिकवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले मनात बसते.

सर्वांत जास्त आनंद मला चर्चच्या घंटेने दिला. वसईला घंटांचा इतिहास आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यानंतर इथल्या चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत गेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानली जाते. फादरांच्या परवानगीने दुपारची बाराची घंटा आम्ही ॲपमधील ध्वनीच्या वर्णपटावर, म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारता किती जोरात आहेत हे रेघांनी दाखवणाऱ्या आलेखावर, पाहिली. हार्मोनियमच्या स्वरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा रेघा दिसतात, हे मुलांनी आधी पाहिले होते. घंटेत ४९० हर्ट्झच्या रेघेजवळच ५८५ हर्ट्झची ठळक रेघ उभी राहिली. “सर, मोबाइल चुकतोय की घंटा?” असे एका मुलाने विचारले. दोन्ही चुकत नव्हते. घंटा तारेसारखी कंप पावत नाही, तिची कड आणि तिचे अंग निरनिराळ्या तऱ्हेने वाकते, म्हणून तिच्या वारंवारता पूर्ण पटींत नसतात आणि ५८५ चा तो स्वर, ४९० ला षड्ज मानल्यास कोमल गंधाराच्या जवळचा, तिला तिचा गंभीर नाद देतो. इथे एक सूचना करावीशी वाटते: वर्णपट पाहताना नमुन्यांची संख्या वाढवावी. कमी नमुने घेतले की ॲप क्षणभरच ऐकते आणि जवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात; जास्त वेळ ऐकले, तरच त्या वेगळ्या होतात.

मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ॲप मोबाइलमध्ये नसलेला संवेदक निर्माण करू शकत नाही. लंबकाच्या प्रयोगाला जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक, लागतो आणि लिफ्टच्या प्रयोगाला हवेचा दाब मोजणारा संवेदक. स्वस्त मोबाइलांत ते बहुधा नसतात. वाहक तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मोजताना पृथ्वीचे क्षेत्रच ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असते आणि २ ॲम्पिअर धारेचे ५ सेंटिमीटरवर जेमतेम ८ भरते, तेव्हा आधीचा आकडा वजा करण्याची शिस्त मुलांना लावावी लागते. ॲप आम्ही इंग्रजीतूनच वापरतो, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाआधी मी मराठी शब्दांचा तक्ता फळ्यावर लिहितो.

शाळेत मोबाइल आणण्यास बंदी आहे, आणि ती मला योग्य वाटते. सिस्टरांनी शिक्षकांचे चार मोबाइल वापरण्यास परवानगी दिली. एका मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करून मोजणी प्रयोगशाळेतील संगणकाच्या ब्राउझरमध्ये दाखवता येते. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गाला ही सोय फारच उपयोगी पडते.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात काही दिवस चर्चच्या घंटा मुक्या असतात आणि त्यांच्याऐवजी लाकडी खटखटा वाजवतात; यंदा त्याचा वर्णपट पाहू या, असे नववीच्या मुलांनी स्वतःहून सुचवले. आम्ही तो पाहिला. त्यात एकही स्पष्ट रेघ नव्हती, फक्त रुंद पसरलेला उंचवटा होता, आणि मुलांनी प्रयोगवहीत तसेच लिहिले.