सागाचं सुकाणू आणि फोरस्ट्रोक इंजिन: दोन्ही खोटं निघालं

होडीचं सगळं काम एकहाती करून देतो म्हणणारा एक ठेकेदार सध्या जळगाव जिल्ह्यात फिरतोय. आम्हाला त्याने लाकडात फसवलं आणि इंजिनातही. लाकडात पैसे गेले. इंजिनात जीव गेला असता, म्हणून सविस्तर लिहितोय.

मामा नौदलातून निवृत्त होऊन भुसावळला परतले, तेव्हा १४ फुटी शिडाची लाकडी होडी घेऊन आले. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे आम्ही ती चालवतो. सुकाणू, त्याचा दांडा, काठाच्या पट्ट्या, सगळं अस्सल साग. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात जुनं वार्निश तडकून गेलं होतं. शिवाय वारा पडला की परत यायला छोटं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, हवं होतं.

‘हे काम वर्कशॉपमध्येच होतं’ म्हणून त्याने लाकडी भाग काढून नेले. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ घेतले, पावती साध्या कागदावर. भाग परत आले ते गडद तपकिरी, चकचकीत. मामांनी सुकाणू हातात घेतलं आणि म्हणाले, “हे माझं नाही.” जुन्या बोल्टांची भोकं त्यांनी स्वतः सागाच्या खुंट्या ठोकून बुजवली होती. त्यांचा मागमूस नव्हता. “पॉलिशखाली झाकल्या गेल्या, काका,” ठेकेदार म्हणाला.

थोड्याच दिवसांत उन्हाने त्या पॉलिशचे पापुद्रे सुटले. ते घरातल्या कपाटांना मारतात तसलं मेलामाइन होतं. पॉलिशपेपर फिरवला तर रंगाच्या थराखाली पांढुरकं, हलकं लाकूड. सागाचा कातड्यासारखा वास नाही की बोटांना लागणारा तेलकटपणा नाही. आमचा जुना साग कुठे गेला, हे तो अजूनही सांगत नाही.

खरं काम कसं असतं ते मामांनी नंतर दाखवलं. जुना थर पूर्ण खरवडायचा, ८० नंबरच्या पेपरपासून २२० पर्यंत घासत यायचं, सागाचं तेल अॅसिटोनने पुसून घ्यायचं. उन्हापासून जपणारं होडीचं वार्निश पहिल्या हाताला निम्मं पातळ करून मारायचं, म्हणजे ते लाकडात मुरतं. मग प्रत्येक हातामध्ये ३२० चा पेपर, असे किमान सहा हात. आणि खानदेशच्या उन्हात हे काम सकाळी सावलीतच करायचं, नाहीतर बुडबुडे येतात. हे एका दिवसात उरकतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

इंजिनाची गोष्ट याहून वाईट. कव्हरवर ‘फोरस्ट्रोक’चा स्टिकर. आमच्यासमोर पाण्याच्या पिंपात दोन-चार मिनिटं चालवून दाखवलं. निळसर धूर आला, तर म्हणे नवीन इंजिनातलं ऑइल जळतंय. “पेट्रोलमध्ये ऑइल घालू नका, आणि कव्हर उघडलं तर वॉरंटी जाईल,” हे बजावून गेला. आम्ही साधं पेट्रोल भरलं. फुगवट्याच्या मध्यावर इंजिन खणखणलं आणि जाम झालं. वल्ही होती म्हणून काठाला लागलो. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडलेले असते आणि पाण्याला ओढ असती, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

फोरस्ट्रोकला ऑइल वेगळं भरतात. कव्हर उघडलं तेव्हा कळलं, ते तपासायची डिपस्टिक नाही की काच नाही. ते जुनं टूस्ट्रोक होतं. त्याला पेट्रोलमध्येच ऑइल लागतं, बहुतेकांना ५० लिटरला एक लिटर. पिंपात चालवताना टाकीत त्याने तेच मिश्रण भरलं असणार. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सील फुटून आत पाणी शिरलेलं. शाफ्टही, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा खालचा भागही, आखूड, १५ इंची. आमच्या मागच्या फळीला २० इंची हवा. आखूड शाफ्टचा पंखा होडी जरा पुढे झुकली की हवा ओढतो आणि नुसता गरगरतो.

मोठ्या इंजिनाचा आग्रहही तो फार करतो. १४ फुटी शिडाच्या होडीला अडीच-तीन हॉर्सपॉवर पुरतात. अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो, ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास. वरची ताकद फक्त पेट्रोल पिते आणि मागची फळी खाली दाबते.

जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार केली आहे. आपण दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवरही बोलता येतं. त्याने पाठवलेले फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी तिथे आमच्या कामी येत आहेत.

आता तो गिरणा धरणाकडच्या मच्छीमार संस्थांना इंजिनांचे दर देत फिरतोय, असं कळलं. तिथली माणसं जाळं घेऊन पहाटेच्या अंधारात पाण्यात जातात. तुमच्या ओळखीचं तिथे कोणी असेल तर आजच फोन करा. पैसे देण्याआधी कव्हर उघडायला लावा, ऑइल तपासायची डिपस्टिक किंवा काच बघा, गिअरचं ऑइल काढून बघा, आणि आपल्या कॅनमधलं पेट्रोल भरून धरणाच्या पाण्यात निदान अर्धा तास इंजिन चालवायला लावा.